न तपासलेली सही

प्रिय वेनिंग,

सुराबायाला निघणाऱ्या सकाळच्या व्हॅनच्या ड्रायव्हरकडे हे पत्र देते आहे, सोबत एन्तिंगचा पुडा. शेंगदाण्याची वडी तुला आवडते म्हणून पाठवते, असं लिहिणार होते. पण खरं म्हणजे नुसतं पत्र द्यायला मन धजेना. दोनदा फोनही करून झाला. एकदा सालातिगाच्या थंडीबद्दल बोलले, एकदा मांजरीच्या पिल्लांबद्दल. तू म्हणालीस, “म्बाक, बऱ्या आहात ना? पिल्लांसाठी फोन?” मी हसले आणि ठेवून दिला. माझ्या सख्ख्या बहिणीनंही मला इतक्या मायेनं कधी ‘म्बाक’ म्हटलेलं नाही, आणि तेच ऐकून खरं सांगायचं राहून गेलं.

चार वर्षांपूर्वी ई-मेलवर तुझं पहिलं पत्र आलं होतं: “आदरणीय म्बाक पालुपी, तुमच्या स्पॅम फिल्टरमध्ये एक बारीकशी चूक सापडली, रागावू नका.” नको ती पत्रं गाळणारं ते पॅकेज तेव्हा मी सात वर्षं एकटी सांभाळत होते. दिवसभर कॉलेजच्या सर्व्हरची नोकरी, घरी आल्यावर हे बिनपगारी काम. जावामधली निम्मी कॉलेजं ते फुकटात वापरतात, पण कधी कुणी आभार मानले नाहीत. कुणाचं पत्र हरवलं की शिव्या द्यायला मात्र सगळे हजर. तू चूक दाखवलीस, वर दुरुस्तीही जोडलीस. मला इतका आनंद झाला की उत्तर मी तीनदा लिहून खोडलं. मग तुला सगळं शिकवलं. आपला नियमही तेव्हाच ठरला: एकीनं केलेलं काम दुसरीनं तपासून सही केल्याशिवाय बाहेर जायचं नाही.

गेल्या वर्षी योग्याकार्ताला कॉलेजांच्या मेळाव्यात तू आपल्या पॅकेजवर बोललीस. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारी सेमारांग कॉलेजचे पाक जात्मिको बसले होते. ते मोठ्यानं म्हणाले, “आता हे पॅकेज वेनिंगचंच म्हणायचं! बू पालुपी, तुम्ही घ्या आता विश्रांती.” आजूबाजूचे हसले, मीही हसले. तेवढ्यात तू माइकवरून म्हणालीस, “मला सगळं म्बाकनी शिकवलंय.” त्यानं तर जास्तच झोंबलं. मग माझ्यासाठीही टाळ्या झाल्या, पण बसल्या जागेवरून. माझ्या पानातला फणसाचा गुडेग तसाच राहिला. परतीच्या बसमध्ये तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस आणि मी खिडकीबाहेर बघत तुझा द्वेष करत होते. हा शब्द मी पहिल्यांदाच कागदावर उतरवते आहे. मत्सर म्हटलं असतं तर जरा सौम्य वाटलं असतं, पण त्या दिवशी तो द्वेषच होता.

माझा शुक्रवारचा शिरस्ता तुला माहीत आहे. चहा घेऊन बसायचं, आठवड्याच्या पत्रांचे दोन ढीग करायचे, चांगली आणि कचरा, आणि ते फिल्टरला शिकायला द्यायचे. आपल्या भाषेतल्या पत्रांची पारख त्याला मुख्यतः माझ्याच पेटीतून मिळते. मेळाव्यानंतरच्या शुक्रवारी तुझं लांबलचक पत्र आलेलं होतं. बांडुंगवाल्यांनी भाषणाला बोलावलंय, म्बाक, काय नेसू? मी ते कचऱ्याच्या ढिगात टाकलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पुढच्या शुक्रवारीही टाकलं. नंतर वाचायचंही सोडलं. तुझं नाव दिसलं की थेट कचरा. आठ महिन्यांत एकसष्ट पत्रं झाली. हा आपला माझ्या घरातला, माझ्या पेटीतला राग, त्यानं कुणाचं काय बिघडतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. अकरा वर्षं हे काम करणाऱ्या बाईनं अशी समजूत घालावी!

फेब्रुवारीत नवी आवृत्ती निघाली. तीत फिल्टरची ती सगळी पारख भरलेली होती. मी ती तुझ्याकडे सहीसाठी पाठवली आणि दहा मिनिटांत तुझी सही आली. “तुमचं काम मी काय तपासायचं, म्बाक?” असं वर लिहिलं होतंस. मला वाटलं, बघा, मोठी झाली, आता आपल्या कामाकडे बघायलाही हिला वेळ नाही.

गेल्या सोमवारी पाक जात्मिकोंचा फोन आला. “तुमची ती वेनिंग फार शेफारली हो! जागा रिकामी आहे, मुलाखतीला ये, म्हणून आम्ही कळवलं. साधं उत्तर नाही.” वेनिंग, मी तुझी बाजू घेतली नाही. “आजकालची मुलं,” एवढंच मी म्हणाले आणि दोन दिवस गुणगुणत घरात वावरले. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईचा अंबारावाहून फोन आला. रडत होत्या. नऊ कॉलेजांना लिहिलं, एकानंही विचारलं नाही, सेमारांगनं स्वतःहून बोलावलं, त्यांना होकार कळवूनही पुढे काही नाही, आता पोरगी वीस तारखेला सिंगापूरच्या नोकरीच्या कागदावर सही करून जाणार, असं सांगत होत्या. मी फोन ठेवला आणि कचऱ्यातून तुझं एक पत्र काढून फिल्टरपुढे धरलं. तुझं नाव, तुझा पत्ता, पत्राखालचं तुझं ते नेहमीचं वाक्य, हे सगळं त्याला कचरा वाटत होतं, आणि फेब्रुवारीपासून तो ते वापरणाऱ्या सगळ्या कॉलेजांत हेच करत होता. बिचाऱ्याचा दोष नाही. त्याला मी जे शिकवलं, ते तो शिकला.

पाक जात्मिकोंना कचऱ्याची पेटी उघडून बघायला सांगितलं. तुझा होकार तिथेच पडून होता, तीन स्मरणपत्रांसकट. कारण विचारलं त्यांनी, तेही सांगितलं. सोमवारपर्यंत जागा कुणाला देत नाही, म्हणाले. त्यांना फोन कर. माझ्यावरच्या रागापायी ते लांबवू नकोस.

आता उरलं पॅकेज. दुरुस्ती मी केली आहे. बदलाच्या नोंदीत आधी लिहिलं होतं, ‘जुनी पारख ताजी केली.’ तेवढ्यावर तू दहा मिनिटांत सही केली असतीस आणि जन्मभर कुणाला काही कळलं नसतं. रात्रभर ती ओळ तशीच ठेवली होती, हेही तुला माहीत असू दे. सकाळी खोडली. आता तिथे आहे: ‘पालुपीनं मत्सरापोटी वेनिंगची एकसष्ट पत्रं कचरा ठरवली होती, ती चूक काढली.’ त्याखालच्या ओळीत पॅकेज तुझ्या नावावर केलं आहे. ती नोंद सगळं जग वाचेल. तू ती तिथे पहिल्यांदा वाचू नयेस, म्हणून हे पत्र. मत्सर गेलेला नाही; त्या नोंदीत तुझ्या नावाखाली आलेलं माझं नाव मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. दुरुस्ती तुझ्या सहीसाठी थांबली आहे. या वेळी मात्र माझं काम नीट तपास, आणि मगच सही कर.

तुझीच (अजून म्हणू देशील तर),
म्बाक पालुपी