पान एकतीस, सुधारित आवृत्ती

३ मे, शनिवार. सकाळी ७.
नव्या वहीत आधी नोंद, स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूंची: डायनिंग टेबल (हलतं, फरशी वाकडी आहे). दाराची बेल (वाजते, शेजारी पण वाजते). चपलांचा रॅक. इन्व्हर्टरची पेटी. आणि परवा पूर्ण केलेला कूलर, टाकीसकट. एकाही कामाचा क्लास लावला नाही. प्रताप नगरात असा दुसरा माणूस दाखवा.

दुपारी १२.
कूलरची टाकी पाझरली. गळली नाही, पाझरली. फरक आहे. खाली बायकोची, नंदिनीची, पत्र्याची पेटी. तिच्यात तिच्या सावनेरच्या शाळेचा वार्षिकांक, दहावीचा, १९९३-९४. चिंब. मी म्हटलं, पेटीची जागा चुकली. नंदिनी म्हणाली, पेटी तिथं सतरा वर्षांपासून हाय, कूलर परवा आला. विषय वाढवला नाही.

४ मे.
नंदिनी जेवली नाही. अंकात पान ३१ वर दहावी ‘ब’चा ग्रुप फोटो आहे, त्यात तिच्या बाजूला माया. जिवलग मैत्रीण. मागच्या वर्षी धंतोलीच्या एका दवाखान्यात वारली. मायाची मुलगी मेघा १८ तारखेला येणार आहे, लग्नाआधी ते पान पाहायला.
निश्चय: १८ च्या आत आख्खा अंक नव्यानं बनवणार. मुळापेक्षा सरस.
नंदिनी म्हणाली, नवा नको जी, तुम्ही फक्त त्या एकतीसले हात नका लावू, तिथं मायानं... मी तिला जीएसएम म्हणजे कागदाचं वजन कसं मोजतात ते समजावलं. वाक्य तिनं अर्धंच सोडलं. पटलं असावं.

५ मे.
कागद मॅच करायला ओला अंक घेऊन भैयाजींच्या झेरॉक्सच्या दुकानात. त्यांनी न विचारता पानं चाळली. म्हणे, गोपाळराव, पेनानं लिहिलेलं अजून वाचता येऊन राहिलं, आजच्या आज स्कॅन करून घ्या, उद्या शाई फैलून जाईन. आकडाही सांगितला. मी हसलो. बटण दाबणाऱ्या माणसानं मला प्रिंटिंग शिकवावं! म्हणे, काहून जिवाले तरास करून घेता गा? कागद दुसरीकडून घेतला.

८ मे.
सावनेर. शाळेच्या क्लार्कनं कपाटातून ऑफिस कॉपी काढून दिली, रजिस्टरवर सही घेऊन. स्वच्छ, कोरी, कोणाचा हात न लागलेली. आमच्या घरच्या प्रतीपेक्षा शंभर पट चांगली. आता हाच आधार.

११ मे.
टायपिंग चालू. छपाईच्या ४३ चुका सापडल्या, दुरुस्त केल्या. क्रीडावृत्तात शंभर मीटर धावणे, प्रथम माया, वेळ ११ सेकंद. अशक्य. १६ केले. मेघाला आईबद्दल चुकीची माहिती जायला नको.
कंबर धरली. खुर्ची मी केलेली नाही, विकतची आहे.

१३ मे.
पान ३१ची दोन्ही प्रतींवरून पडताळणी. घरच्या प्रतीत समासात निळ्या शाईच्या नऊ ओळी आहेत, तिरक्या, फोटोवर चढलेल्या. सुरुवात ‘नंदे’. शाळेच्या प्रतीत असं काही नाही. म्हणजे मूळ छपाईचा भाग नाही. वगळलं. फोटो आता काय उठून दिसतो!

१५ मे.
बाजारचा पुठ्ठा भिकार. स्वतः करायचं ठरवलं: कागदाचा लगदा, मेथीचं पीठ, दाब. ओल्या अंकाला तसाही वास मारत होता, आणि काम संपलं होतं. नंदिनी भाजीला गेल्यावर मिक्सरमधून काढला. काहीही वाया गेलं नाही. याला म्हणतात नियोजन.

१७ मे.
बाइंडिंग झालं. कव्हर जरा निळसर आलं. छान दिसतं.

१८ मे, रविवार. संध्याकाळी ६.
मेघा आली. नवा अंक तिच्या हातात दिला. ४३ चुकांबद्दल सांगितलं. तिनं सरळ ३१ उघडलं. मग मागचं पान, पुढचं पान. म्हणाली, मावशी, आईनं लिहिलेलं कुठं हाय? नंदिनीनं माझ्याकडे पाहिलं. जुना कुठं ठेवला, तिनं विचारलं. मी कव्हरवर बोट ठेवून प्रक्रिया सांगितली. मिक्सरपर्यंत आलो आणि थांबलो.
मग मी म्हटलं, मजकूर सांगा, मी बोरूनं लिहून देतो, सुलेखन स्वतः शिकलोय. मेघा म्हणाली, मजकूर मले पाठ हाय काका, मावशीनं फोनवर दहादा वाचून दाखवला. आईचं अक्षर पाहाचं होतं. घरी आता तिच्या हातचं काहीच नाही, दवाखान्याच्या फॉर्मवरची सही सोडून.
जाताना तिनं अंक नेला नाही. नंदिनी अजून कव्हरवर हात फिरवत बसली आहे, जिथं निळं जास्त आहे तिथं. कूलर बंद करा म्हणाली. केला.

रात्री ९.
नोंद पूर्ण असावी म्हणून. भैयाजींची ऑफर, ५ मे: सगळी पानं रंगीत स्कॅन, जशी आहेत तशी, शाईसकट, तासाभरात. मी नाही म्हणालो.
ऐंशी रुपये.