झाकणावरची मूर्ती

प्रिय धम्मशीलाताई,

जयभीम. मी नांदेड सोडलं. आता देवगाव फाट्यावर हाय, नागनाथमामांच्या गॅरेजात. तू म्हणशील, सिद्धोधनाच्या पायाला भिंगरीच हाय. असू दे. इथं समोर हॉटेलात भजी लय झकास, पण मालक खवट. मिरची मागितली तर म्हणतो, "गॅरेजवाल्याहो, तुमचं बिल काय कमी झोंबतंय का?" बघ, भज्यात शिरलो. सांगायचं वेगळंच हाय.

परवा मामांनी भंगारातल्या गाडीची एअरबॅग उडवून दाखवली. आमाला पार बांधापाशी उभं केलं, पिशवीवर जुनं टायर ठेवलं अन् लांबून वायर बॅटरीला टेकवली. धाडकन आवाज झाला, टायर लिंबाच्या शेंड्याला. मला वाटायचं, ती उशीसारखी हळूच फुगत असंल. कशाची हळू! गाडी आदळली की आतला सेन्सर करंट सोडतो, फटाक्याची दारू पेटल्यागत गॅस होतो अन् डोळा लवायच्या आत पिशवी डॅशबोर्डाचं झाकण फाडून बाहेर येते. पट्टा लावून मागं टेकलेल्या माणसाला ती झेलते. पण मधे जे काही असंल, ते ती त्याच माणसावर फेकते.

दुसऱ्याच दिवशी एक गाडी ओढून आणली. फाट्याजवळ उसाच्या ट्रॉलीला धडकलेली. बंपर अन् एक दिवा फुटलेला, बाकी गाडी धड. चालवणारा स्वतःच्या पायानं उतरला होता म्हणे. बायको शेजारी बसली होती. त्या बाजूच्या फाटक्या झाकणावर चिकटवल्याचा गोल डाग होता. देवाची मूर्ती मला मागच्या सीटखाली सापडली. मामांनी ती धुतली, फडक्यात गुंडाळली. त्या बाईचं काय झालं, हे मी विचारलं न्हाई.

रात्री फोनमधे दाजींच्या नव्या गाडीचा फोटो पाहिला अन् ताडकन उठून बसलो. तुझ्या सासऱ्यांनी, किशनरावांनी दिलेली पितळी बुद्धमूर्ती बरोबर त्याच झाकणावर चिकटवलेली. समोर तू, मांडीवर आपली रेणुका. लगेच फोन केला तर दाजी कडाडले, "बुद्धाला हलवायला सांगतोस? दहावी नापास, तू मला गाडी शिकवणार?" अन् माझा नंबर ब्लॉक. तुझाबी फोन तेच उचलतात. म्हणून ही चिठ्ठी तुमच्या गावाकडं शीटं भरून जाणाऱ्या पप्पूच्या जीपनं धाडायलोय, तुझ्याच हातात द्यायला सांगून.

रविवारी तुमी जालन्याला लग्नाला निघणार, असं पप्पू म्हणाला. म्हणूनच लिहितोय, ताई. मूर्तीची जागा घरातल्या उंच फळीवर, हे सासऱ्यांना तूच सांग, तुझं ऐकतील. दाजींना स्क्रूड्रायव्हर अन् हातोडी घेऊन उचकटू देऊ नको, त्या झाकणाखाली स्फोटक हाय. मूर्ती काढायला गाडी कंपनीच्या माणसाकडंच न्यायची, तो आधी बॅटरी तोडून थोडा वेळ थांबतो, मगच हात लावतो. एवढं जमलं न्हाई तर रेणुकाला घेऊन मागं बस अन् पट्टा लाव. पोरीला मळमळतंय म्हण, काहीबी खोटं सांग. जालन्याचा रस्ता फाट्यावरूनच जातो. मी सकाळपासून रस्त्याच्या कडेला उभा राहीन. पुढच्या काचेत तू दिसलीस, तर मी गाडीसमोर आडवा होईन, दाजींनी मारलं तरी.

तुझाच, अजून कुठंच न टिकलेला,
सिद्धोधन