रंगाच्या डब्यातली वजनं

प्रिय दादा,

'प्रिय' लिहून मी बराच वेळ थांबले. खोडावंसं वाटलं, पण पत्राची रीत मोडण्याइतकी धीट मी अजून झालेले नाही. तुझ्यासमोर माझे शब्द घशातच अडकतात आणि तू "बोला, प्राध्यापकबाई, बोला" म्हणून हसतोस. म्हणून लिहिते आहे. कागदावर तरी तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

ट्रॅक्टरची वजनं आपण घरी केली, ते दिवस आठवतात? नवा नांगर जड निघाला होता. तो मागे उचलला की पुढची चाकं जमीन सोडू पाहत. बाबांनी रंगाचे चार रिकामे डबे घेतले, आतून तेल फासलं, झिजलेले फाळ, तुटक्या साखळ्या, गंजके बोल्ट भरून वर सिमेंट-खडी ओतली आणि ट्रॅक्टरच्या पुढे अडकवायला प्रत्येकात सळईचा वाकवलेला आकडा रोवला. पुढे किती भार हवा याचं गणित मी मांडलं होतं. "हिनं सांगितलंय, म्हणजे झालं," असं बाबा शेजारच्या काकांना अभिमानानं सांगत होते. डब्यांवर ओलं गोणपाट ठेवून वाट पाहायची होती, पण तुला कुठला धीर? तू एक डबा लवकर उपटलास आणि त्या वजनाचा तळ ढासळून तिरका झाला. चार वजनांना आपल्या चौघांची नावं पडली, तेव्हा तेच तुझ्या वाट्याला आलं: थोरला. आई म्हणाली, "अगदी शोभतंय!" बाबा मात्र म्हणाले, "तिरका असेना, भाराला कमी पडायचा नाही."

ट्रॅक्टरवरून पडून मोडलेला बाबांचा खुबा जुळतो आहे. काठी टेकत दारापर्यंत येतात. जुळत नाही ते दुसरंच. पहिले काही दिवस ते ठामपणे सांगत होते, की वजनं त्यांनी आदल्या संध्याकाळी स्वतः अडकवली होती. बसल्या जागेवरून ती दिसत नाहीत, म्हणून सकाळी पुन्हा पाहिली नाहीत. चढावर पुढची चाकं उचलली कशी, तेच त्यांना कळेना. तेव्हा त्यांच्या खाटेशी उभा राहून तू काय म्हणालास? "अहो बाबा, वजनं शेडमध्येच आहेत. होतं असं या वयात." किती मायेनं म्हणालास! मला वाटलं, दादा किती समजूतदार झाला.

मग मी शेडमध्ये गेले. फळीवर थोरला सगळ्यांत पुढे ठेवलेला होता आणि अर्थातच कलंडून पडला होता. बाबा त्याला नेहमी मागे, भिंतीला टेकवून ठेवतात. ती वजनं बाबांनी ठेवलेली नव्हती. पुढचं तुझ्या मित्रानं दुकानात आपण होऊन सांगितलं: "त्या संध्याकाळी ती सिमेंटची धोंडं काढून गवतात टाकली ना, तर काय झकास फोटो आले ट्रॅक्टरवर दादाचे!" फोटोसाठी काढलीस, परत लावायला विसरलास, हे मी समजू शकते. पण आई आणि मी बाबांना दवाखान्यात नेत असताना तू गवतातून ती वजनं उचलून फळीवर नीट मांडत होतास, हे कसं समजून घेऊ? त्या वेळी तू काहीही विसरला नव्हतास.

आता काका दारातून ओरडतात, "काय हो, आज चष्मा कुठे विसरलात?" सगळे हसतात, बाबाही हसतात. आई त्यांच्या मागून जाऊन गॅस बंद आहे ना, ते पाहते. आणि बाबा औषध घेतल्यावर मला हळूच विचारतात, "घेतलं ना ग मी?"

मी त्यांना खरं सांगितलं, दादा. सगळं सांगितलं, शब्द न अडखळता. ते ऐकून घेत राहिले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझी समजूत काढायला त्याच्यावर आळ घेऊ नकोस. त्याच्या मित्राचा दिवस चुकला असेल." मग उशीखालून ट्रॅक्टरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "तूच ठेव. माझा मलाच भरवसा राहिला नाही." ती किल्ली या क्षणी कागदावर ठेवलेली आहे, पान उडू नये म्हणून. माझ्या सांगण्यानं ती त्यांच्या हातात परत जाणार नाही. तुझ्या तोंडूनच जाईल. येत्या रविवारी ये. त्याच खाटेशी उभा राहा आणि सांग.

तुझीच, पण अजून प्रचंड चिडलेली,
धाकटी