फिकी होत चाललेली रेघ

प्रिय आकाश,

सप्रेम जय भीम.

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र फर्दापूरच्या जीपवाल्याजवळ देते आहे. काल शहागंजच्या सभेत बोलायला उभी राहिले. गेलेल्याला धरून बसणं हे अज्ञान आहे, हे मी आयुष्यभर गर्जून सांगितलं. काल तेच वाक्य अर्ध्यावर सोडून खाली बसले. लोकांना वाटलं, संध्याताईंचा घसा बसला.

विद्यापीठात माझ्या लेकीनं, अपेक्षानं, मला तुमच्या त्या जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या नळीसमोर बसवलं होतं, आठवतं? आतल्या पडद्याला क्षाराच्या पुडीचा लेप. इलेक्ट्रॉनांचा झोत फिरेल तिथं पूड जांभळी पडते आणि वीज बंद केली तरी चित्र राहतं. जुन्या पुडीवर ते लवकर विरायचं. तुम्ही दोघं नवराबायको ब्रोमाइड कमीजास्त करत, भट्टीत भाजत नवी पूड शोधत होता. ती जमली तेव्हा पोरीनं स्वतःच्या मनगटांना तारा लावून हृदयाच्या ठोक्यांची रेघ पडद्यावर उमटवली. म्हणाली, "बघ आई, तुझ्या भाषणापेक्षा लई टिकतंय हे." आपण तिघंही किती हसलो.

मग तो डेंग्यू तिला घेऊन गेला. तिच्यामागं तू ती नळी पेटीत घालून गावी गेलास. शेजारच्या चंपाबाई म्हणाल्या, "जावयानं पोरीची आठवण उचलून नेली अन् तुम्ही बघत बसल्या व्हय?" मी म्हणाले, त्याचीबी बायको होती ती.

परवा तुझा एका ओळीचा निरोप आला: आई, रेघ फिकी होतेय. मी तुमच्या प्रयोगशाळेतल्या मोतीराम सरांना गाठलं. ते मान खाली घालून म्हणाले, उजेडानंच ती पुसते. अंधारात वर्षानुवर्षं राहील. पण अंधारात दिसायची कशी? प्रत्येक वेळी पाहिलं की थोडी जाते.

तू ती नळी रोज खिडकीशी नेत असशील. मीही तेच केलं असतं. फोटो ढीगभर आहेत माझ्याकडे, पण ते कॅमेऱ्यानं काढले. ही रेघ तिच्या काळजानं स्वतः काढली आहे. उद्या सकाळच्या एसटीनं येते. तोवर पेटी उघडू नकोस, बाळा, मी पदर पसरते. माझ्या वाटणीचं थोडं राहू दे.

तुझीच, तिच्याइतकीच तुझीही,
आई