तीन गावं, एक मंडई

१ ऑक्टोबर
आजपासून वेळेचं नियोजन. सकाळी समाज, दुपारी दुकान, संध्याकाळी पुन्हा समाज. सध्या मंडई समितीचं अध्यक्षपद, शाळा समितीचं उपाध्यक्षपद, तंटामुक्तीचं सदस्यत्व. शिवाय 'खुशाल मंडप अँड साऊंड'चं मालकपद, पण ते घरचंच. दुकानात बायको, रीता, बसतेच.

३ ऑक्टोबर
आंघोळ करताना मोठी आयडिया सुचली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई. दिवसा जत्रा, रात्री नाटक. आज बोरटोल्यात, परवा मोहटोल्यात, मग आमच्याकडे. पाहुणे नुसते या गावाहून त्या गावाला जेवत फिरतात. तिन्ही मंडया एकाच दिवशी ठेवल्या तर? एकता. शिस्त. जमल्यास पेपरात फोटो.

६ ऑक्टोबर
तिन्ही गावांची मीटिंग. पाऊण तास बोललो. मोहटोल्याचा सचिव निकेश, म्हणजे माझा साळाच, शेवटी म्हणाला, भाऊजी, तुमी म्हणता त बरोबरच असंल, आमाले धान कापाले जायचं हाय. ठराव एकमताने मंजूर. तारीख २६.
घरी सांगितलं. रीता चहा गाळता गाळता थांबली. म्हणे, आपल्याजवळ मंडप एकच हाय ना? म्हटलं, हो. म्हणे, मंग हे काऊन केलं? तिला धोरणात्मक विचार जमत नाही.

१२ ऑक्टोबर
शाळा समिती. दुकानात जाता आलं नाही. पण धंदा जोरात. सकाळी बोरटोल्याच्या पत्रूभाऊंचा फोन, दुपारी निकेशचा. दोघांनाही नेहमीचा मंडप पाहिजे. दोघांनाही हो म्हटलं. आपल्या गावाची ऑर्डर तर ठरलेलीच. एवढ्या ऑर्डरी एका दिवसासाठी कधीच आल्या नव्हत्या.

२० ऑक्टोबर
रीता म्हणे, कोणाले तरी नाई सांगा. नाही म्हणणं नेतृत्वात बसत नाही. तोडगा काढला: विकेंद्रीकरण. पडदे बोरटोल्याला, खुर्च्या मोहटोल्याला, बांबू आपल्याला. साऊंडचं नंतर बघू.

२५ ऑक्टोबर
बांबू गाडायला निघालो होतो, तेवढ्यात तंटामुक्तीची तातडीची बैठक. बोरटोला आणि मोहटोल्याची माणसं दारात. विषय मंडपाचा. तक्रार एका दुकानदाराविरुद्ध. सदस्य या नात्याने मी तटस्थ राहिलो.

२६ ऑक्टोबर
मंडई झाली. आमचे बांबू फार छान उभे राहिले. वर आभाळ. नाटकवाल्यांनी पडदा विचारला. तो बोरटोल्यात होता, तिथे टांगायला बांबू नव्हते. मोहटोल्यात लोक खुर्च्यांवर बसून मोकळ्या मैदानाकडे बघत होते, असं निकेशने फोनवर सांगितलं. आणखीही बरंच सांगितलं. ते लिहीत नाही.
पाहुणा एकही नाही. जो तो आपापल्या गावच्या मंडईत. माझी सख्खी बहीणसुद्धा. घरोघरी चिवडा आणि मटण उरलं, शेवटी गावातलेच लोक एकमेकांकडे पाहुणे म्हणून जेवायला गेले. शेजारच्या कलाबाई म्हणाल्या, खुशालभाऊ, पोरीले पाहाले येणार होते, तेई तिकडंच रायले. याचा मी विचारच केला नव्हता. वाईट वाटलं. भाषण मात्र केलं.

२९ ऑक्टोबर
दोन्ही गावांचा निरोप: पुढच्या वर्षी मंडप ब्रह्मपुरीहून आणणार. म्हणजे सीझन गेला. जेवण गेलं नाही. निषेधाचं पत्र लिहायला बसलो, लेटरहेड कोणत्या समितीचं वापरावं ते ठरेना. तेवढ्यात रीता उरलेला चिवडा डब्यात भरून स्कूटीवर निघून गेली.
संध्याकाळी हसत परत आली. दोन्ही गावं आपल्याकडेच. अट एकच: बुकिंग रीताबाईंकडे, भाऊनं फोन उचलायचा नाही. ऐकून इतका आनंद झाला की अट मनावर घेतलीच नाही.

२ नोव्हेंबर
संयुक्त बैठक. मंडया पूर्वीसारख्या वेगवेगळ्या दिवशी, असा ठराव मीच मांडला. ऐतिहासिक पाऊल. टाळ्या पडल्या. कलाबाईंकडचे पाहुणेही आता पुढच्या रविवारी येणार आहेत. मंडप तिथेही आपलाच.
घरी आलो तर रीताने दुकानाची फेररचना जाहीर केली. मालक ती. माझ्यावर बांबूंची जबाबदारी. गाडणे, उपटणे, मोजून परत आणणे. निवड बिनविरोध झाली.
पद लहान दिसतं, पण सगळा मंडप त्यावरच उभा असतो. उद्या सकाळी सहाला हजर व्हायचं आहे. मालकीणबाईंनी सांगितलंय, भाषण नाई पाहिजे.