बटणात खोचलेली काडी

बाबा,

तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली. सातवीत शाळा सोडल्यापासून एवढं मोठं कधी लिहिलं नाही, चुका होतील. मी आता चेन्नईजवळ एका कारखान्यात प्रेस मशीनवर आहे. साच्यात पत्रा ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, वरून ठोका पडतो अन् झाकण तयार. आत्ता जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बसलोय.

नागपुरात लकडगंजच्या आरा मशीनवर तुमच्यासोबत लाकूड कापायचो, ते दिवस आठवतात. दसऱ्याला तुम्ही पात्यावरची लोखंडी जाळी घासूनपुसून बसवायचे, हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे. दुसऱ्या दिवशी जाळी परत भिंतीवरच्या खिळ्याला. काहून काढता, विचारलं तर तुम्ही म्हणाले, "लाकूड अडते बे. देवाले दाखवाची होती, दाखवली." सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या उन्हाळ्यात तुमची दोन बोटं गेली. मी मालकासमोर जाळीचं नाव काढलं, तर पट्टी बांधलेल्या हातानंच तुम्ही मला मागं सारलं. "तोंड बंद ठेव. माहीच नजर चुकली." त्या रागात मी नागपूर सोडलं.

अन् इथं येऊन मी काय केलं, ऐका. दोन्ही हात मशीनबाहेर राहावे म्हणून बटणं दोन. पण पत्रा साच्याला चिकटतो, सोडवण्यात वेळ जातो, दिवसाची गिनती, म्हणजे ठरलेली झाकणं, भरत नाही. मग मी एका बटणात लाकडाची काडी खोचली. एक हात बटणावर, दुसरा पत्र्यावर. माझं पाहून शेजारच्या मशीनवरच्या, आपल्याकडच्याच मौद्याच्या पोरानंही खोचली.

इथं दारापाशी एक वही असते. धोका दिसला की लिहायचा. कोणती मशीन, काय बिघडलं, दुरुस्त कोण करणार, कधीपर्यंत. काम झाल्यावर कोणी तपासून सही केल्याशिवाय ती ओळ बंद होत नाही. मागच्या सोमवारी मी माझ्या मशीनचा नंबर टाकला अन् लिहिलं, 'बटणात काडी आहे, मीच घातली.' खाली मौद्याच्या पोराच्या मशीनचा नंबर.

तो तणतणत आला. "काहून गा, लीडर बनून राहिला का? आता गिनती तुहा बाप भरन का?"

"माह्या बापानं भरली. दोन बोटं देऊन."

त्यानं दारापाशची वही काढून माझ्यापुढं धरली. मग म्हणाला, "मंग पत्रा चिकटते, तेही लिही ना बे!"

हे मला सुचलंच नव्हतं. तेही लिहिलं. मेंटेनन्सवाल्यांनी साचा घासून दिला, पत्रा उचलायला लांब दांड्याचं चुंबक दिलं, अन् बटणं अशी बदलली की एक दाबून ठेवलं तर मशीन चालतच नाही. गिनती भरते, बाबा. तपासायला साहेबांनी मलाच बोलावलं. दहादा एक बटण धरून दुसरं दाबलं, एकदाही ठोका पडला नाही. वाकडीतिकडी सही केली.

हा कागद टाकू कुठं? खिशातच राहील. सगळे म्हणतात, मोठी हिंमत केली. हिंमत कसली. त्या सोमवारी सकाळी ठोका पडला तेव्हा माझा हातमोजा आत राहिला. हात कसा बाहेर आला, मला माहीत नाही. संडासात जाऊन बसलो, तिथून उठलो तो थेट वहीपाशी. हे मी कोणाला सांगितलं नाही, वहीतही नाही. सुट्टी संपायला अजून पाच मिनिटं आहेत. जाऊन वहीत लिहितो.