विहिरींच्या आकड्यांचा साचा

२ जानेवारी, लातूर
प्रबंध महिनाअखेर द्यायचाय आणि माझाच ग्राफ मला परत काढता येईना! गाईड मॅडमचा नांदेडहून फोन. "भूकंपाच्या मोठ्या धक्क्याआधी विहिरीचं पाणी उतरतं म्हणतेस, तर ते कुठून आलं दाखव." दाखवू काय, कपाळ? फाईली तरी काय एकेक: फायनल, फायनल-नवीन, खरंच-फायनल. आणि सकाळी क्लासमध्ये पोरांवर ओरडते, पायऱ्या लिहा रे म्हणून!

५ जाने.
शेख सर आमच्या क्लासच्या टेस्टचे निकाल काढतात. दर रविवारी नवी टेस्ट, तरी एका बटणात निकाल. म्हटलं, मला पण असं करून द्या ना. डबा बाजूला सारून बसले. एक फोल्डर कच्च्या रीडिंगचं, एक स्क्रिप्टचं, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या पायऱ्यांचं, एक ग्राफचं. "ताई, कच्च्या आकड्याला हात लावायचा न्हाई. दुरुस्ती करायची ती स्क्रिप्टमध्ये, अन् का केली ते तिथंच लिहायचं. उद्या नव्या विहिरी आल्या तरी साचा हाच." चहासुद्धा घेतला नाही. लई भला माणूस.

९ जाने.
बटण दाबलं, सगळ्या विहिरींचे ग्राफ सरसर आले! शेख सरांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पण हुबेहूब तेच. नाचावंसं वाटलं. आईला सांगितलं. भूकंपात दादा गेला तेव्हापासून तिचं एकच, "आधी कळंल का गं?" तिच्यासाठीच तर हा विषय घेतला.
पण अर्धापूरच्या विहिरीचं काहीतरी... पाणी एकदम उतरतं आणि तेवढंच खाली राहतं. पूर्वी सगळ्यांची सरासरी काढायचे, दिसलंच नाही.

११ जाने., अर्धापूर
केळीच्या बागेतली विहीर. कठडा कोरा करकरीत. मालक म्हणाले, "बारक्या धक्क्यानं तडा गेल्ता, म्हनून नवा बांधला. दोन फूट वर घेतला, पोरं वाकत्यात." कधी? मोठ्या धक्क्याच्या आधी. आणि आम्ही पाणी किती खोल ते मोजायला टेप सोडतो कठड्यावरून! पाणी जिथल्या तिथं, वर गेला तो कठडा. मालकांनी केळीचा घड दिला. तो मांडीवर घेऊन बसमध्ये रडत आले.

१२ जाने.
स्क्रिप्टमध्ये कठड्याचे दोन फूट वजा करायची एक ओळ घातली, कारण लिहिलं. बटण. तिथला उतार गेला. उतार दाखवणाऱ्या राहिल्या कंधारकडच्या दोनच विहिरी. त्याही अशाच निघाल्या तर प्रबंधातलं सगळं प्रकरणच गेलं.
मॅडम झापतील वाटलं. तर, "बरं झालं, परीक्षकाच्या आधी तुला सापडलं. मुदतवाढ मी मागते, तू जाऊन बघून ये." फोन ठेवून ढसाढसा. काय पुण्य केलं होतं म्हणून अशी माणसं मिळाली!

१३ जाने.
आईला सांगायचं धाडस होईना. शेवटी भाकरी थापताना सांगितलं.
"म्हंजी आधी न्हाई कळत?"
"माहीत नाही आई. उद्या कंधारला जाऊन विहिरी बघते, मग..."
तिनं तव्यावरची भाकरी उलटली. हात धुऊन आली.
"मी बी येते. टेप धराया कुनी तरी लागंलच की."
"आणि खोटं निघालं तर?"
"तर मला बी बघू दे."
सकाळी पहिल्या बसनं दोघी.